विहीर कोरडीच ठेवा: आयरिश पुराणकथेचं काव्यनाटक सोलापुरात बसवायचं असेल तर

आयरिश दंतकथेवरचं नाटक, तेही कवितेतलं, आपल्याकडं कुणाला कळणार असं सगळेच विचारतात. कळतं, फक्त नाटक नीट निवडा. माझं म्हणणं, सुरुवात आयरिश कवी-नाटककार येट्सच्या ‘अ‍ॅट द हॉक्स वेल’नं करा. १९१६ साली ते लंडनमध्ये एका घराच्या दिवाणखान्यात पहिल्यांदा झालं, ना स्टेज ना पडदा, एक भिंत आणि तिच्यापुढं मोकळी जागा. ही पद्धत त्यानं ‘नो’ या जुन्या जपानी मुखवटा-नाटकावरून घेतली होती. तीन पात्रं, तीन वादक, बास, म्हणजे हुतात्मा स्मृती मंदिरसारखा मोठा हॉल लागतच नाही, शाळेचा एक वर्ग किंवा वाड्याचा चौक पुरतो. येट्स १९३९ ला गेला त्यामुळं आपल्या कायद्यानं कॉपीराइट संपलाय, मराठी करायला अडचण नाही.

गोष्ट अशी की डोंगरात एक कोरडी विहीर आहे, तिचं पाणी प्यायलं की माणूस अमर होतो. एक म्हातारा ५० वर्षं तिच्याशी बसलाय, आणि पाणी येतं तेव्हा नेमकी त्याला झोप लागते. नळाला पाणी कधी येतंय म्हणून रात्र जागणाऱ्या सोलापूरकराला हे समजावून सांगावं लागतं का? मग कुहुलिन येतो, आयरिश कथांमधला सगळ्यात मोठा वीर, इथं अजून तरणाबांड आणि उतावळा.

भाषांतर करताना नावं बदलू नका. कुहुलिनचा अर्जुन केला की नाटक मेलंच समजा, कारण त्याचं नाव म्हणजे ‘कुलानचा कुत्रा’, लहानपणी त्यानं कुलान लोहाराचा राखणीचा कुत्रा मारला आणि त्याच्या बदल्यात स्वतः राखण करायचं कबूल केलं, ही कथा त्या नावातच आहे. नावं त्यांची ठेवा, बोली आपली ठेवा. वादकांची गाणी ओवीच्या चालीत बसवून बघा, जात्यावरच्या ओवीचा सावकाशपणा त्यांना फार शोभतो. संवाद मात्र यमकात नको, मोकळ्या लयीतच राहू द्या, नाहीतर वग वाटायला लागतो.

विहिरीची राखण करणारी बाई हा सगळ्यात अवघड भाग. नाटकभर ती एक शब्द बोलत नाही. मधेच तिच्या तोंडून ससाण्याची किंकाळी निघते आणि म्हातारा घाबरून म्हणतो की तोंड तिचं पण ओरडलं दुसरंच कुणीतरी. ते दुसरं कुणीतरी म्हणजे ‘शी’, आयरिश लोककथांमधले टेकड्यांच्या पोटात राहणारे अदृश्य लोक. आमच्या नटीला हे थिअरीनं काही केल्या जमेना, मग तिच्या आजीनं तिला गावच्या विहिरीवरच्या साती आसरा सांगितल्या, दुपारच्या वेळी तिथं का जायचं नाही ते सांगितलं, आणि अंगात येताना पहिल्यांदा बोटं थरथरतात मग खांदे हे करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तालमीत सगळे गप्प झाले. नाच तिथूनच काढा, क्लासमध्ये शिकवलेल्या स्टेप नकोत. ती नाचते, कुहुलिन तिच्यामागं ओढला जातो, म्हातारा झोपतो, आणि पाणी येऊन जातं.

पाणी दाखवायचं नाही, हे लिहून ठेवा! येट्सनं विहीर म्हणून निळ्या कापडाचा एक चौकोन सांगितलाय, तेवढंच. पहिल्या तालमीत आम्ही घमेल्यात खरं पाणी ओतलं आणि सगळ्यांचं लक्ष घमेल्यातच राहिलं. आता म्हातारा जागा होतो, दगड चाचपल्यासारखं करतो, तळहात डोळ्यांजवळ नेऊन बघतो, दगड ओले आहेत पण विहीर रिकामी, एवढ्यावर माणसं हळहळतात. निळं कापड साधं घ्या. आपली सोलापुरी चादर टाकायचा मोह आम्हालाही झाला होता, पण नजर नक्षीत अडकते.

वादकांसाठी संबळ, तुणतुणं आणि झांज पुरे, माईक नको. सुरुवातीला तेच एक काळं कापड उलगडतात, त्यावर सोनेरी ससाणा असतो, आणि घडी घालून झाली की विहिरीपाशी बाई आधीच बसलेली दिसते. लग्नातला अंतरपाट कसा धरतात ते आठवून हात बसवा, घाईनं ओढला तर मजा जाते. मुखवटे कुहुलिन आणि म्हाताऱ्याला, बाकीच्यांचे चेहरे मुखवट्यासारखे रंगवा.

शेवटी कुहुलिन ईफा या लढवय्या बाईशी लढायला निघून जातो, तिच्यापासून झालेल्या स्वतःच्या मुलाला पुढं तो न ओळखता मारणार आहे, ते येट्सच्याच ‘ऑन बेल्स स्ट्रँड’ नाटकात येतं, १९०४ ला डब्लिनचं अ‍ॅबी थिएटर उघडलं त्याच रात्री ते झालं होतं. हे जमलं की पुढं ते करा. इथं मात्र परत तेच काळं कापड उलगडायचं, गाणं चालू असताना त्यामागून सगळ्यांनी निघून जायचं, निळा चौकोनही उचलायचा, आणि घडी पडली की समोर नुसती फरशी. टाळ्यांसाठी नटांना लगेच बाहेर आणू नका.