पावसाळ्यात विहिरीचं पाणी: पावडर किती टाकायची?

सिंहगडाच्या पायथ्याला आमच्या घरची विहीर आहे. जुलैत पाणी गढूळ झालं की पूर्वी अंदाजाने मूठभर ब्लीचिंग पावडर टाकायचो. कधी वास मारायचा, कधी काहीच उपयोग नाही. आता मोजून टाकतो.

1. दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजा. व्यास × व्यास × खोली (सगळं फुटांत) × 22 = लिटर. आमची 10 फूट रुंद, पाणी 12 फूट, म्हणजे सुमारे 26,400 लिटर.

2. दर 1000 लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर. आम्हाला 66 ग्रॅम लागते. किराण्याच्या काट्यावर एकदा तोलून डब्यावर खूण करून ठेवा.

3. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग पाणी वाढवा. दहा मिनिटांत चुना खाली बसतो. वरचं नितळ पाणीच दुसऱ्या बादलीत घ्या, ती दोरीने विहिरीत बुडवून वर-खाली हलवा.

4. रात्री शेवटचं पाणी भरून झाल्यावर करा. निदान तासभर उपसू नका.

गढूळपणा असेल तर हंड्यात तुरटी फिरवा, पण तुरटीने जंतू मरत नाहीत. पाणी काचेसारखं दिसलं तरी लहान मुलांना उकळूनच द्या.