आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गोल्फ खेळायला जाताय? या चुका टाळा

शॅनन विमानतळाच्या पार्किंगमध्ये आम्ही चौघं भर पावसात पाऊण तास ताटकळलो. समोर बुक केलेली सेडान, शेजारी चार गोल्फ बॅगा आणि चार सुटकेसेस. दोन बॅगा आडव्या टाकल्या की डिकीचं झाकण लागेना. शेवटी जास्तीचे पैसे मोजून व्हॅन घेतली, पण तोवर त्या दुपारचा लाहिंच कोर्सवरचा टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) हातचा गेला होता. पुण्यात सहा महिने आम्ही कोर्सची यादी घोटत होतो, डिकीचा विचार कुणाच्याही मनात आला नव्हता. चौघं असाल तर पहिल्यापासून व्हॅनच घ्या, आणि उतरलात त्या दिवशी टी टाइम ठेवूच नका.

सगळ्यात महागात पडते ती मात्र हावरी आखणी. लाहिंच, बॅलीबनियन, ट्रली, वॉटरव्हिल ही नावं ऐकली की चार दिवसांत चारही उरकावेसे वाटतात. नकाशावर ती जवळजवळ दिसतातही. पण लाहिंच क्लेअर परगण्यात आहे, बाकीचे तिन्ही केरीत, आणि मध्ये शॅनन नदीचं रुंद मुख पसरलंय. गाडीनं लिमरिकला वळसा घालण्यापेक्षा किलिमर ते टार्बर्ट फेरीबोट घ्यावी. गाडीसकट वीसेक मिनिटांत पलीकडे उतरता. तिचं वेळापत्रक आधी बघा आणि टी टाइम त्यानुसार ठरवा, उलटं करू नका. पलीकडचे रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी बांध नाहीतर झुडपांच्या भिंती. ग्रामीण स्थानिक रस्त्यांवरची वेगमर्यादा २०२५ मध्ये ताशी ८० वरून ६० किलोमीटरवर आणली आहे. वॉटरव्हिल तर 'रिंग ऑफ केरी'वर, म्हणजे उन्हाळ्यात समोर पर्यटकांच्या बसेस. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची असते, तेवढी एक काळजी कमी. सात दिवसांत चार राउंड (अठरा होलचे पूर्ण खेळ) पुरेत, त्याहून जास्त अंगाला झेपत नाहीत. यातले बरेचसे राउंड पायीच खेळायचे असतात आणि वाळूच्या टेकड्या चढून-उतरून पोटऱ्या भरून येतात. बग्गी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) मिळेल हे गृहीत धरू नका. गरज असेल तर डॉक्टरांचं पत्र जोडून आधीच विचारा.

व्हिसाचं थोडक्यात सांगतो. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, त्या गटाचा व्हिसा तिथे चालत नाही. आणि जाताजाता रॉयल पोर्टरश खेळून येऊ म्हणाल, तर ते उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत. सीमेवर कुणी अडवत नाही म्हणून परवानगी आहे असं होत नाही. दोन्हीकडे जायचं असेल तर अर्ज करतानाच ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेची चौकशी करा. आपल्या क्लबकडून हँडिकॅपचं (खेळाची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचं) प्रमाणपत्रही घेऊन ठेवा, काही क्लब पाहुण्यांकडे ते मागतात.

आता खेळाकडे येऊ. आपण मऊ, पाणी घातलेल्या हिरवळीवर शिकलेलो. चेंडू उंच उडवायचा आणि ग्रीनवर (खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) टपकन थांबवायचा. लिंक्सवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधल्या कोर्सवर, जमीन टणक, गवत आखूड आणि वारा सतत. उंच गेलेला चेंडू वारा नेईल तिकडे जातो. बॅलीबनियनला ग्रीनच्या तीस फूट अलीकडून मी वेज (चेंडू उंच उडवणारी काठी) काढली, तर कॅडीनं, म्हणजे बॅग वाहणाऱ्या आणि सल्ला देणाऱ्या मदतनिसानं, न बोलता ती हातातून घेतली आणि पटर (चेंडू जमिनीवरून घरंगळवणारी काठी) दिला. चेंडू उंचवट्यावरून घरंगळत जाऊन खड्ड्यापासून हातभर अंतरावर थांबला. त्या एका फटक्यानंतर मी उरलेल्या दिवसांत त्याचंच ऐकलं. कॅडीचे पैसे वाचवणं ही खरोखर चूक आहे. लाहिंचच्या पाचव्या होलला, 'डेल'ला, टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) ग्रीन दिसतच नाही; टेकडीवर ठेवलेला पांढरा दगड बघून मारायचं. अंतर मोजायचं यंत्र तिथे कुचकामी ठरतं, माणूसच लागतो. कॅडी टी टाइमसोबतच बुक करा आणि त्याच्यासाठी रोख युरो जवळ ठेवा.

कपड्यांबाबत 'जून म्हणजे उन्हाळा' ही समजूत काढून टाका. पारा १५-१८ अंशांच्या आसपास असतो आणि एकाच राउंडमध्ये ऊन, पाऊस, पुन्हा ऊन होतं. छत्री वाऱ्यात उलटते, त्यापेक्षा चांगला रेनसूट आणि ओल्यात पकड देणारे हातमोजे न्या. बुटांचे दोन जोड हवेतच. एक रात्रभर वाळत ठेवायचा.

लाहिंचला हवामानाचा अंदाज बकऱ्यांवरून बांधतात. कोर्सवर चरणाऱ्या बकऱ्या क्लबहाऊसच्या आडोशाला आल्या की वादळ येणार, असं तिथले लोक मानतात. क्लबच्या चिन्हावरही बकरीच आहे. तशी सकाळ वाट्याला आली तर हॉटेलवर हिरमुसून बसू नका. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. प्रो-शॉपमध्ये (क्लबच्या दुकानात) जाऊन संध्याकाळी पाचनंतरची वेळ मागा. आम्हाला दुसऱ्या दिवशी ती मिळाली, आणि शेवटचा चेंडू खड्ड्यात पडला तेव्हा पावणेदहा वाजले होते.