इंडक्शनची बटणं चालत नाहीयेत? आधी हे बघा

मुंबईच्या पावसाळ्यात हे हमखास होतं, दमट हवा आत शिरते आणि बटणं एकतर दबतच नाहीत नाहीतर आपोआप दबल्यासारखी वागतात. पहिलं चाइल्ड लॉक (मुलांनी छेडू नये म्हणून बटणं बंद ठेवणारं लॉक) लागलंय का बघा, लॉकचं बटण ३-४ सेकंद दाबून धरा. मग प्लग काढून पॅनल कोरड्या फडक्याने पुसून रात्रभर पंख्याखाली ठेवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच चालू होतो.

नाहीच झाला तर उघडायचा, पण प्लग काढल्यावर निदान १०-१५ मिनिटं थांबून, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो, मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून शून्य दिसल्याशिवाय हात लावू नका प्लीज. आत झुरळं असतीलच, ब्रशने साफ करा, पॅनलची रिबन केबल (पट्टीसारखी चपटी वायर) काढून परत घट्ट बसवा. दाबायची बटणं असतील तर खाली छोटे चार पायांचे स्विच असतात, मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी असेल तर बीप देणारं सेटिंग) ठेवून, टोकं तिरक्या समोरासमोरच्या दोन पायांना लावून दाबून बघा, दाबल्यावर बीप नाही किंवा न दाबताच बीप, म्हणजे तो गेला. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नवा स्विच अगदी स्वस्तात मिळतो, फक्त उंची जुन्यासारखीच घ्या. टचवाला असेल किंवा स्विच बदलायला लागणारं सोल्डरिंग जमत नसेल तर सरळ अख्खं पॅनल बोर्डच बदलून घ्या.