सॉफ्टफोनवरील कॉल ३२व्या सेकंदाला तुटत असल्यास

ऐरोलीतील घरून सॉफ्टफोनवर (संगणकावरून इंटरनेटद्वारे कॉल घेण्याचे ॲप) ग्राहकसेवेचे कॉल घेताना, ग्राहक तक्रार सांगत असतानाच बरोबर ३२व्या सेकंदाला कॉल तुटत असे. हेडसेट बदलला, वायफायऐवजी केबल जोडली, सॉफ्टफोन पुन्हा इन्स्टॉल केला. फरक पडला नाही. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक ग्राहकाबद्दल मला अपराधी वाटे.

दोष राउटरमधील ‘सिप एएलजी’चा (इंटरनेट कॉलचे ‘सिप’ पद्धतीचे संदेश हाताळणारे फीचर) होता. ते कॉल जोडणाऱ्या संदेशांतील पत्ते बदलते, त्यामुळे कॉल उचलल्याची सर्व्हरकडून येणारी पोच सॉफ्टफोनला मिळत नाही आणि ३२ सेकंद वाट पाहून तो कॉल संपवतो.

सॉफ्टफोन बंद करून ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता उघडावा (माझा १९२.१६८.१.१), लॉगिननंतर एएलजीच्या पानावर ‘सिप’समोरची खूण काढून सेव्ह करावे, राउटर रीस्टार्ट करावा आणि इंटरनेट आल्यावरच सॉफ्टफोन सुरू करावा. रीस्टार्ट मी आधी टाळला होता, म्हणून आणखी एक दिवस वाया गेला.