बर्ड फ्लू तळ्यातून शेडपर्यंत कसा पोहोचतो? पोल्ट्रीधारकांनी या चुका टाळाव्यात

हिवाळा लागला की उजनी, जायकवाडी, नांदूर मध्यमेश्वर अशा पाणथळींवर थापट्या, तलवार बदक, चक्रवाक हे पाहुणे उतरतात आणि परिसरातील पोल्ट्रीधारकांची नजर आकाशाकडे लागते. ही धास्ती अनाठायी नाही. बर्ड फ्लूच्या विषाणूचे मूळ आश्रयस्थान रानटी पाणपक्षीच आहेत. त्यांच्या आतड्यात तो वाढतो, विष्ठेतून पाण्यात उतरतो आणि पाणी थंड असेल तर तेथे कित्येक आठवडे तग धरतो. परंतु रानबदक स्वतः शेडमध्ये क्वचितच येते. तळ्याकाठची ओली विष्ठा आत आणतात ते आपले बूट, बादल्या आणि वाहनांची चाके.

बदक धडधाकट दिसते म्हणून ते निरोगी मानणे, ही पहिली चूक होय. विषाणू अंगात असूनही बदक अनेकदा ठणठणीत राहते आणि तोच विषाणू कोंबड्यांच्या शेडमध्ये शिरला की दोन-तीन दिवसांत मरतुकीचा ढीग लागतो. जानेवारी २०२१ मध्ये हिमाचल प्रदेशातील पोंग जलाशयावर हजारो स्थलांतरित पक्षी मेले, त्यांत पट्टकादंब हंस सर्वाधिक होते. म्हणजे रानपक्षीही दगावतात. तरीही तळ्यावर मेलेला पक्षी दिसला नाही, याचा अर्थ तळे सुरक्षित आहे असा होत नाही. दिवसभर तळ्यावर चरून संध्याकाळी परसातील कोंबड्यांच्याच खुराड्यात परतणारी पाळीव बदके म्हणजे या दोन जगांमधला पूल आहे. बदके आणि कोंबड्या एकत्र पाळू नयेत.

पाण्याच्या बाबतीत उन्हाळ्यात काटकसर म्हणून तळ्याचे किंवा कालव्याचे पाणी थेट टाकीत सोडले जाते, कधी फॉगरलाही (शेडमध्ये गारव्यासाठी पाण्याचे तुषार उडवणारे यंत्र) तेच जोडले जाते. गढूळ पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकून भागत नाही, कारण क्लोरीन गाळातच खर्ची पडते. आधी तुरटीने पाणी निवळू द्यावे, मगच क्लोरीन द्यावे आणि टाकी झाकलेली ठेवावी.

सर्वाधिक फसवी चूक मात्र शेडच्या दारातच असते. अनेक फार्मवर जंतुनाशकाचा हौद असतो, पण त्यात डोकावले तर चहाच्या रंगाचे पाणी, वर तरंगणारे तूस आणि तळाशी विष्ठेचा थर आढळतो. असा हौद नसल्यातच जमा आहे. विष्ठेसारख्या सेंद्रिय घाणीने जंतुनाशक निष्प्रभ होते. शिवाय चिखलाने माखलेला बूट क्षणभर बुडवून काढला, तर चिखलाच्या आतला विषाणू कोरडाच राहतो. बूट आधी ब्रशने घासून धुवावा, मग जंतुनाशकात पुरेसा वेळ ठेवावा आणि द्रावण मळताच बदलावे. त्याहून सोपा उपाय म्हणजे शेडसाठी वेगळी पादत्राणे ठेवणे व ती बाहेर न नेणे. हा खर्च एका गमबुटाचा आहे. तरीही तो टाळला जातो, याचे नवल वाटते.

अंड्यांचे कागदी ट्रे एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर फिरतात आणि ते धुताही येत नाहीत. प्लॅस्टिकचे ट्रे धुऊन, वाळवून वापरावेत. पक्षी उचलायला येणारी गाडी आणि तिचे पिंजरे त्याच दिवशी आणखी कुठे गेले होते, हेही विचारावे. कावळे व चिमण्या आत शिरणार नाहीत अशी बारीक जाळी लावावी आणि सांडलेले खाद्य लगेच उचलावे.

अचानक मरतूक वाढली की 'मानमोडी (राणीखेत रोग) असेल' म्हणून त्यावरची लासोटा लस देऊन वाट पाहिली जाते. तुरा व गलोल (चोचीखालची लोंबती कातडी) निळे पडणे, डोके सुजणे, अंडी एकदम घटणे ही लक्षणे दोन्ही रोगांत सरमिसळ दिसू शकतात आणि फरक प्रयोगशाळाच सांगू शकते. पक्षी फाडून पाहू नये, उरलेले घाईने विकू नयेत; तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला तत्काळ कळवावे. अंतिम निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. भारतातील पोल्ट्रीतला पहिला उद्रेक २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला नोंदला गेला, तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. नुकसानभरपाई शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. त्यामुळे कळवायला लागलेला प्रत्येक दिवस पोल्ट्रीधारकाच्या खिशातून जातो.