पहिलं मॉडेल रॉकेट: कुठल्या कंपनीचं घ्यायचं आणि कसं उडवायचं

अमेरिकेत घरात शाळकरी पोर असेल, तर कधी ना कधी तो लांबुळका खोका येतोच. आत पुठ्ठ्याची नळी, प्लास्टिकचं नाक, बाल्सा या हलक्या लाकडाच्या पातळ पत्र्यात कापलेले पंख, घडी घातलेलं पॅराशूट आणि इलॅस्टिकची पट्टी. आमच्याकडे आला तेव्हा मी तो एका संध्याकाळी रेटून जोडला. दुसऱ्या दिवशी मैदानात रॉकेट जेमतेम झाडाएवढं वर गेलं, एक पंख निखळला, हवेतच दोन कोलांट्या झाल्या आणि ते नाकावर आपटलं. लेक काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर बरीच रॉकेटं जोडली. पुढचं सगळं त्या पंखाच्या कृपेने शिकलेलं.

आधी एक गोष्ट पक्की करा: रॉकेटच्या इंजिनातल्या स्फोटक दारूला आपण हात लावायचा नाही. हा छंद उभा आहे तोच त्यावर. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे चपला-बुटांचे दुकानदार होते, त्यांना शोभेच्या दारूचाही नाद. 1954 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या भावाने कागदाचं, पॅराशूटने खाली येणारं, पुन्हा पुन्हा उडवता येणारं रॉकेट बनवलं. 1957 मध्ये स्पुटनिक उडालं आणि अमेरिकेतली पोरं तळघरात पाइपात रसायनं ठासू लागली, बोटं गमावू लागली. व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र-चाचणी तळावर काम केलेले हॅरी स्टाइन यांना कार्लाइलच्या रॉकेटमध्ये त्यावरचा उपाय दिसला: इंजिन कारखान्यातून तयार यावं, मुलांनी फक्त रॉकेट बांधावं. त्यांच्या कंपनीला इंजिनं पुरवायला पुढे आले व्हर्नन एस्टेस. फटाक्यांच्या धंद्यातल्या घरातले. त्यांनी ‘मेबल’ नावाचं यंत्र बांधलं, ते साधारण साडेपाच सेकंदांना एक इंजिन ठोकून बाहेर काढायचं. स्टाइन यांची कंपनी टिकली नाही, एस्टेस यांची मात्र 1961 मध्ये कोलोरॅडोतल्या पेनरोज गावी गेली आणि आजही तिथेच आहे. तेव्हा दिवाळीतले फटाके फोडून दारू जमवायची कल्पना कुणी मांडली, तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

संच निवडताना

दुकानात हात पहिल्यांदा जातो तो खोक्यावर सगळ्यात मोठा उंचीचा आकडा असलेल्या संचाकडे. तो परत ठेवा. उंच जाणारं बारीक रॉकेट दोन सेकंदांत ठिपका होतं, मग शेजारच्या शेतात शोधत बसा. पहिलं रॉकेट जाड आणि संथ हवं.

माझं मत एस्टेसच्या ‘बिग बर्था’ला. साठच्या दशकातला नमुना, सुमारे 61 सेंटिमीटर उंच, चार सेंटिमीटरहून थोडी जास्त जाडी, मोठे पंख. उडवायच्या उभ्या दांडीवरून सुटतं तेव्हा उठताना दिसतं, हेच त्याचं सुख. मूल अगदी लहान असेल किंवा तासाभरात मैदान गाठायचं असेल, तर ‘अल्फा थ्री’ घ्या. त्याचे पंख प्लास्टिकच्या एकाच तुकड्यात येतात, वाकडे लागायचा प्रश्नच नाही. पण मग शिकायचंही फार उरत नाही. साध्या ‘अल्फा’चे पंख बाल्साचे असतात, ते आपणच चिकटवायचे.

बाकीच्या कंपन्यांची ओळख थोडक्यात. क्वेस्ट ही स्टाइन यांच्या मुलाने काढलेली, आता इंजिनं बनवणाऱ्या एरोटेकच्या छत्राखाली. कोलोरॅडो स्प्रिंग्जची अपोजी सूचनापत्रं फार तपशीलवार देते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या संचासाठी उत्तम. सेमरॉक म्हणजे जुन्या नमुन्यांवर जीव असलेल्यांसाठी. साठच्या दशकात ऍरिझोनात सुरू झालेल्या सेंच्युरीचे बंद पडलेले संच तिथे नव्याने मिळतात, आणि पन्नाशी-साठीचे गृहस्थ ते खोके हातात घेऊन हळवे होतात. एलओसी प्रिसिजनचं काम जाड पुठ्ठ्याचं आणि प्लायवुडच्या पंखांचं, मोठ्या इंजिनांसाठी. तिकडे इतक्यात वळू नका.

इंजिनावरचा नंबर

ए8-3 असं काही लिहिलेलं असतं. अक्षर म्हणजे एकूण जोर: ‘ए’ 2.5 न्यूटन-सेकंदांपर्यंत, ‘बी’ 5 पर्यंत, ‘सी’ 10 पर्यंत. प्रत्येक अक्षराला मर्यादा दुप्पट. 8 म्हणजे सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा 3 म्हणजे दारू जळून संपल्यावर तीन सेकंद थांबून इंजिन वरच्या बाजूने भपकारा सोडणार, त्याने नाक उडणार आणि पॅराशूट बाहेर येणार. नवखे फक्त अक्षर बघतात आणि हा शेवटचा आकडा विसरतात. तो गरजेपेक्षा मोठा निघाला तर पॅराशूट उघडेपर्यंत रॉकेट वेगाने खाली झेपावलेलं असतं. शून्य असलेलं इंजिन तर दुमजली रॉकेटच्या खालच्या टप्प्यासाठी, एकट्या रॉकेटला कधीच लावू नका. कुठली इंजिनं चालतील ते संचाच्या कागदावर छापलेलं असतं. त्यातलं सर्वांत लहान घेऊन सुरुवात करा.

पंख

सगळा वेळ इथे घालवा. नळीभोवती गुंडाळायची कागदी पट्टी संचात असते, तिच्यावरून खुणा करा. खुणेतून सरळ रेघ ओढायला दाराच्या चौकटीचा कोपरा वापरा. नळी त्या खाचेत ठेवली की पेन्सिल हलत नाही. पंखाच्या कडा बारीक पॉलिश पेपरने घासा, पण नळीला चिकटणारी कड सपाटच ठेवा.

आता गोंद. सुताराचा पिवळसर गोंद घ्या. पटकन सुकणारा नको, त्यात चूक सुधारायला वेळच मिळत नाही. पंखाच्या कडेला पातळ थर लावा, नळीवरच्या रेघेवर पंख दाबा आणि लगेच काढून घ्या. दोन्हीकडे गोंदाचा ओला पट्टा राहील. पाचेक मिनिटं तसंच राहू द्या. बोट लावलं तर चिकटेल पण माखणार नाही, इतपत सुकलं की पुन्हा थोडा गोंद लावून पंख बसवा. अर्ध्या मिनिटात तो जागच्या जागी धरतो. माझ्या त्या पहिल्या पंखाला एकदाच गोंद लावला होता, तोही दोन मिनिटांत उरकून. सगळे पंख बसले की नळी मागून डोळ्यासमोर धरून बघा. रात्रभर सुकल्यावर सांध्यात दोन्ही बाजूंनी गोंदाची बारीक रेघ भरून बोटाने निपटून घ्या. जोडणीची खरी ताकद या रेघेत असते.

रंगाचं फार मनावर घेऊ नका. जाड थर दिले तर वजन वाढतं, एवढंच. पण लेकीला चकाकी हवी असेल तर द्या बापडी.

स्वतःच्या मनाचं रॉकेट बनवलं असेल, तर उडवण्याआधी ते दोरीने फिरवून बघा. इंजिन आणि पॅराशूट आत ठेवून, रॉकेट जिथे आडवं तोललं जातं तिथे दोरी बांधायची आणि मोकळ्या जागी डोक्यावरून गरागरा फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक. मागे-आडवं होत असेल तर नाकात वजन घाला.

मैदानात

नळीत आधी आगरोधक कागदाचे बोळे, मग पॅराशूट. बोळे विसरलात तर भपकाऱ्याने प्लास्टिकचं पॅराशूट वितळून सुपारीएवढा गोळा होतो. जुनी मंडळी कागदाऐवजी घराच्या भिंतीत भरतात ती, आग न धरणारी करड्या रंगाची कागदी भुशी वापरतात. त्यांच्यात तिचं नाव आहे ‘कुत्र्याची ओकारी’. दिसतेही तशीच. पॅराशूटला अंगाला लावायची पावडर चोळा, म्हणजे घड्या चिकटत नाहीत, थंडीत तर जरूर. नाक धरून रॉकेट उचललं तर नाक सुटू नये, पण हलक्या हिसक्यात निघावं. सैल असेल तर आत चिकटपट्टीचा एक वेढा द्या.

मैदान ‘ए’ इंजिनाला किमान 30 मीटर रुंद-लांब हवं, ‘सी’ला सुमारे 120 मीटर. वाळकं गवत नको, आणि वारा ताशी 32 किलोमीटरच्या पुढे असेल तर घरी चला. उडवायची जागा वारा येतो त्या बाजूला ठेवा, म्हणजे पॅराशूट मैदानावरून वाहत येईल.

वात-तार, म्हणजे विजेने इंजिन पेटवणारी तार, इंजिनाच्या भोकात शेवटपर्यंत सारून बुचाने दाबा. न पेटण्याचं पहिलं कारण तीच, वर सरकलेली. पेटवायच्या बॅटरीच्या डब्यापासून येणाऱ्या क्लिपा तारेला लावा, एकमेकींना टेकू देऊ नका. त्या डब्याची चावी खिशात, माणसं किमान पाच मीटर लांब. मग चावी लावायची, दिवा लागतो का बघायचं आणि मोठ्याने उलटं मोजायचं: पाच, चार, तीन. आमच्याकडे हे मराठीतच होतं आणि ‘एक’ला सगळं मैदान ओरडतं. पेटलं नाही तर चावी काढा आणि पूर्ण 60 सेकंद कुणी जवळ जायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही.

पुण्या-मुंबईत बसून वाचणाऱ्यांसाठी: अमेरिकेहून येणाऱ्या भावाला इंजिनं आणायला सांगू नका. ती विमानाच्या कुठल्याच सामानात चालत नाहीत, आणि भारतात स्फोटकांच्या कायद्याखाली येतात. रिकामा संच जोडता येतो, ‘ओपनरॉकेट’ हे फुकट सॉफ्टवेअर घेऊन संगणकावर रॉकेट उडवूनही बघता येतं. प्रत्यक्ष उडवायचंच असेल तर सोड्याची बाटली, पाणी आणि सायकलचा पंप, ते वेगळं प्रकरण आहे आणि अंग भिजतं.

रॉकेट उतरलं की इंजिनाची जळकी पुठ्ठ्याची नळकांडी थंड होऊ द्या, मग काढा. इलॅस्टिक कुठे करपलंय का बघा. झाडावर अडकलं तर वाऱ्याची वाट पाहा, दोन दिवसांत बहुधा पडतं. विजेच्या तारेवर अडकलं तर ते गेलं. काठी शोधू नका, मुलीला दुसरा खोका आणा.