राउटरला फिल्टर लावला, पण आजीच्या मोबाईलचं काय?

“मुलांना नको त्या साइट दिसू नयेत म्हणून फिल्टर लावलाय, तरी सगळं उघडतंय” अशी तक्रार आली की आधी विचारावं लागतं, लावलाय कुठे? राउटरवरचा फिल्टर घरच्या वाय-फायपुरताच. मुलाने मोबाईल डेटा चालू केला किंवा आजीचा हॉटस्पॉट घेतला की राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. आजीच्या रिचार्जमधला रोजचा डेटा तसाही उरतो, आणि नातवाला नाही म्हणणं तिला जमत नाही. तेव्हा घरातला प्रत्येक फोन मोजा, फक्त मुलाचा नव्हे.

राउटरवर सोपा उपाय म्हणजे डीएनएस बदलणं, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता सांगणारी सेवा बदलणं. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीने २०२० मध्ये कुटुंबांसाठी १.१.१.३ आणि १.०.०.३ असे दोन मोफत डीएनएस सुरू केले. अश्लील आणि घातक साइटचा पत्ता विचारला तर ते देतच नाहीत. लोक राउटरच्या सेटिंगमध्ये हे आकडे भरतात, सेव्ह करतात आणि निर्धास्त होतात. मग तीच साइट कधी अडते, कधी बिनबोभाट उघडते. अशा वेळी माझा पहिला संशय आयपीव्ही६ वर, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर. फायबरच्या अनेक जोडण्यांवर ते चालू असतं आणि त्याचा डीएनएस इंटरनेट कंपनीचाच राहिलेला असतो, त्यामुळे फोनला दुसरी वाट मोकळी मिळते. राउटरमधल्या आयपीव्ही६ डीएनएसच्या रकान्यात २६०६:४७००:४७००::१११३ आणि २६०६:४७००:४७००::१००३ भरा. रकानाच नसेल तर आयपीव्ही६ बंद करा. बदल केल्यावर फोन एकदा बंद करून चालू करा, नाहीतर जुनी उत्तरं त्याच्या लक्षात असतात आणि फिल्टर चालत नाही असं उगाच वाटतं. आणि हो, राउटरचा पासवर्ड अजून ‘ॲडमिन’च असेल तर एवढी मेहनत घेऊ नका. आठवीतलं पोरही तो उघडेल.

इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये डीएनएस बदलताच येत नसेल, तर अँड्रॉइड ९ पासून फोनमध्येच ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे १.१.१.३ टाइप करणं. ते स्वीकारलं जात नाही, कारण तिथे आकडे नाही, नाव लागतं: फॅमिली.क्लाउडफ्लेअर-डीएनएस.कॉम (अर्थात इंग्रजी अक्षरांत). हा फिल्टर मोबाईल डेटावरही चालतो. मात्र सेटिंग ज्याला सापडलं, तो ते बंदही करू शकतो.

फुकटची व्हीपीएन ॲप ही सगळ्यांत मोठी पळवाट; ती फोनचं इंटरनेट दुसऱ्याच सर्व्हरमधून फिरवून फिल्टर चुकवतात. फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या ॲपमध्ये नव्या ॲपसाठी तुमची परवानगी सक्तीची करता येते, पण आधीच टाकलेल्या ॲपला ती लागत नाही. परवानगी चालू करण्याआधी फोनमधली यादी एकदा शेवटपर्यंत बघा.

डीएनएस साइट अडवतो, साइटच्या आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. यूट्यूबवरचा नको तो व्हिडिओ त्यामुळे थांबणार नाही. त्यासाठीचा रिस्ट्रिक्टेड मोड प्रत्येक उपकरणावर, प्रत्येक ब्राउझरमध्ये वेगळा लावावा लागतो. टीव्ही नेहमी राहून जातो. ओटीटीचंही तसंच. २०२१ च्या नियमांनी यू/ए १३+ (तेरा वर्षांखालच्यांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायचं) आणि त्यावरच्या मालमसाल्यासाठी पालकांचं लॉक बंधनकारक केलंय, पण त्याचा पिन तुम्हालाच ठरवायचाय. जन्मसाल नको.

उलटी अडचणही येते, शाळेने दिलेली लिंकच उघडत नाही. वाय-फाय बंद करून मोबाईल डेटावर बघा (प्रायव्हेट डीएनएस असेल तर तोही थोडा वेळ बंद करून). उघडली तर अडवणारा फिल्टरच. १.१.१.३ मध्ये एखाद्या साइटला सूट द्यायची सोय नाही. ती हवी असेल तर खातं उघडून चालवायचा नेक्स्टडीएनएससारखा फिल्टर घ्या. त्याची मोफत मर्यादा महिन्याला ३,००,००० विचारणांची आहे (फोनने साइटचा पत्ता एकदा विचारला की एक विचारणा). ती संपली की इंटरनेट चालूच राहतं, अडवणं तेवढं बंद होतं. महिनाअखेरीस अचानक सगळं उघडायला लागलं तर आधी हा आकडा तपासा.